एक जीवन, चार चरित्रे : नव्या करारातील ख्रिस्ताचे देवत्व

ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळातील ग्रंथकारांपुढे एक प्रश्न असा होता, की त्याची तड लावल्यावाचून त्यांना आपल्या श्रद्धेचे स्वरूपच सांगता आले नसते. नासरेथचा येशू हा जर खराखुरा माणूस होता, स्त्रीच्या पोटी जन्मला होता, थकत होता, रडत होता आणि रोमन सत्तेने गुलामांसाठी व बंडखोरांसाठी राखून ठेवलेल्या शिक्षेने मारला गेला होता, तर त्याला ‘प्रभू’ म्हणून हाक मारणे आणि देवाची करावी तशी त्याची उपासना करणे कोणत्या आधारावर योग्य ठरते? हा प्रश्न ज्यांच्यापुढे प्रथम उभा राहिला ते जवळजवळ सर्वजण यहुदी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची धार कळते. कारण परमेश्वर एकच आहे आणि त्याच्यावाचून कोणापुढेही गुडघे टेकायचे नाहीत, ही शिकवण यहुदी घरात मूल बोलू लागे तेव्हापासून त्याच्या कानी पडत असे. अनेक देवांच्या पंक्तीत आणखी एक देव बसवणे ग्रीक किंवा रोमन मनाला अवघड नव्हते. यहुदी मनाला मात्र ती वाट पूर्णपणे बंद होती. तरीही त्याच मनातून ‘नवा करार’ म्हणून ओळखला जाणारा सत्तावीस ग्रंथांचा संग्रह निर्माण झाला, आणि त्यातले शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचे चरित्र मांडणारे चार लेखक, त्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या सिद्धान्ताच्या रूपात न देता एका जीवनकथेच्या रूपात देतात. ते उत्तर समजून घ्यायचे तर हे ग्रंथ कोणत्या क्रमाने लिहिले गेले आणि त्यांपैकी प्रत्येकाचा भर कशावर आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

छापील बायबलात मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची शुभवर्तमाने प्रथम येतात आणि प्रेषित पौलाने ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेली पत्रे त्यांच्यानंतर येतात. रचनेचा कालक्रम मात्र उलटा आहे. येशूचा मृत्यू इ.स. ३०च्या सुमारास झाला आणि पौलाची निर्विवाद मानली जाणारी पत्रे साधारणपणे इ.स. ५० ते ६० या दशकातली आहेत; त्यांतले थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र बहुधा सर्वांत जुने असावे. मार्काचे शुभवर्तमान इ.स. ७०च्या आसपास, म्हणजे रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले त्या काळात, लिहिले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी आले आणि योहानाचे शुभवर्तमान पहिल्या शतकाच्या अखेरीस पूर्ण झाले. मत्तय आणि लूक या दोघांपुढे मार्काचा ग्रंथ होता आणि त्यांनी त्यातला मजकूर घेऊन तो आपल्या दृष्टीने फिरवला, हे मत आज बहुमान्य आहे. या तिघांची मांडणी एकमेकांशेजारी ठेवून वाचता येते, म्हणून त्यांना ‘समदर्शी’ शुभवर्तमाने म्हणतात. योहानाची मांडणी मात्र त्यांच्यापासून वेगळी आहे.

या कालक्रमावरून एक आकर्षक उपपत्ती पुढे आली आहे. येशू देवाचा पुत्र आहे हे केव्हा प्रकट झाले, असा प्रश्न प्रत्येक ग्रंथाला विचारला, तर उत्तर एकेक पाऊल मागे सरकताना दिसते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी पौलाने एक सूत्र दिले आहे आणि ते त्याच्याही आधीपासून मंडळ्यांमध्ये रूढ असावे, असे पुष्कळांना वाटते. त्या सूत्रानुसार देहाने दावीद राजाच्या वंशात जन्मलेला येशू मृतांतून उठवला गेल्यामुळे सामर्थ्याने देवाचा पुत्र ठरला. मार्काच्या ग्रंथात हा क्षण बाप्तिस्म्यापर्यंत मागे येतो: यार्देन नदीतून वर येताना आकाश फाटते आणि येशूला पुत्र म्हणून संबोधणारी वाणी होते. मत्तय आणि लूक हा क्षण गर्भधारणेपर्यंत मागे नेतात, आणि योहान तर जन्माच्याही पलीकडे, सृष्टीच्या आरंभापूर्वी जाऊन थांबतो. रेमंड ब्राउन या कॅथलिक विद्वानाने येशूच्या जन्मकथांवरील आपल्या १९७७च्या ग्रंथात हा मागे सरकणारा क्रम विस्ताराने मांडला आहे. हाच क्रम पुढे ताणून असेही म्हटले जाते, की आरंभी येशू हा देवाने ‘दत्तक’ घेतलेला एक सत्पुरुष मानला जात होता आणि त्याचे देवत्व पुढच्या पिढ्यांच्या भक्तीतून हळूहळू वाढत गेले.

ही उपपत्ती सुटसुटीत आहे, परंतु उपलब्ध ग्रंथांतला सर्वांत जुना पुरावाच तिच्या आड येतो. मासेदोनियातील फिलिप्पै नगरातल्या मंडळीला पौलाने तुरुंगातून जे पत्र लिहिले, त्याच्या दुसऱ्या अध्यायात एक काव्यमय उतारा आहे. एर्न्स्ट लोमायर या जर्मन अभ्यासकाने १९२८ साली त्याचे विश्लेषण करून ते मुळात उपासनेत गायले जाणारे स्तोत्र असावे, असे प्रतिपादन केले, आणि तेव्हापासून ते पौलाच्याही आधीचे असावे हे मत पुष्कळांनी स्वीकारले आहे. या स्तोत्रात ख्रिस्त आरंभी देवाच्या स्वरूपात आहे; तो देवाशी असलेली आपली बरोबरी स्वार्थासाठी धरून ठेवत नाही; तो स्वतःला रिक्त करतो, दासाचे रूप घेतो, मरणापर्यंत, तेही वधस्तंभावरच्या मरणापर्यंत, आज्ञाधारक राहतो, आणि त्यामुळेच देव त्याला सर्वोच्च स्थान देतो, जेणेकरून प्रत्येक गुडघा त्याच्यापुढे टेकावा. यातला शेवटचा भाग यशया संदेष्ट्याच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातून आला आहे, आणि तिथे गुडघे टेकायचे आहेत ते इस्राएलाच्या एकमेव परमेश्वरापुढे. म्हणजे यहुदी एकेश्वरवादाचे अत्यंत कडक वचन घेऊन ते येशूला लावण्याचे धाडस येशूच्या मृत्यूनंतर जेमतेम पंचवीस-तीस वर्षांत, कदाचित त्याहूनही लवकर, झाले होते. जेम्स डन यांच्यासारख्या काही अभ्यासकांनी या स्तोत्रात पूर्वअस्तित्वाची कल्पना नसून आदामाशी केलेली तुलना आहे, असे म्हटले आहे, आणि त्या वाचनातही तथ्य आहे. परंतु तसे मानले तरी स्तोत्राच्या उत्तरार्धातली उपासना कमी होत नाही.

याला दुजोरा देणारे आणखी दोन पुरावे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहेत. आठव्या अध्यायात पौल यहुद्यांच्या रोजच्या प्रार्थनेतले परमेश्वराच्या एकत्वाचे विधान घेतो आणि त्याच विधानाच्या आत पिता हा एक देव आणि येशू ख्रिस्त हा एक प्रभू अशी मांडणी करतो. दुसरा देव जोडण्याऐवजी एकत्वाच्याच व्याख्येत येशूला सामावून घेण्याची ही रीत विलक्षण आहे. त्याच पत्राच्या शेवटी ‘मारानाथा’ हे अरामी शब्द येतात. आमच्या प्रभूने यावे, अशी ती विनवणी आहे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या करिंथच्या वाचकांना हे शब्द भाषांतर न करता लिहिता आले, याचा अर्थ ते पॅलेस्टाइनमधल्या अरामी बोलणाऱ्या पहिल्या मंडळ्यांच्या प्रार्थनेतून आले होते. विल्हेल्म बूसे यांनी १९१३ साली असा सिद्धान्त मांडला होता, की येशूला प्रभू मानून भजणे हा ग्रीक वातावरणातल्या मंडळ्यांचा नंतरचा विकास आहे. ‘मारानाथा’ हे दोन शब्द त्या सिद्धान्ताला सरळ अडसर घालतात. लॅरी हुर्टाडो यांनी पुढे २००३च्या आपल्या बृहद्ग्रंथात प्रार्थना, स्तोत्रे, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन या सर्व आचारांत येशूचे स्थान तपासून असे दाखवले, की येशूची उपासना ही हळूहळू साचलेली गोष्ट नसून आरंभीच्या काही वर्षांतच उसळून आलेली गोष्ट होती. बाहेरची साक्षही याच्याशी जुळते: इ.स. ११२च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमन अधिकारी धाकटा प्लिनी याने सम्राट त्राजान याला कळवले, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात.

मग एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. येशूविषयीची सर्वोच्च विधाने जर पौलाच्या काळातच तयार होती, तर त्यानंतर शुभवर्तमाने लिहिण्याची गरज का भासली? पौलाच्या पत्रांत येशूच्या जीवनाविषयी फार थोडे आहे: तो स्त्रीपासून जन्मला, नियमशास्त्राच्या अधीन होता, दाविदाच्या वंशातला होता, त्याला भाऊ होते, ज्या रात्री तो धरून दिला गेला त्या रात्री त्याने भाकर मोडली, तो वधस्तंभावर मेला, पुरला गेला आणि उठला. ही विधाने श्रद्धेला पुरेशी असली, तरी जो प्रभू आहे तो कसा जगला, कोणाबरोबर जेवला, कशाने रागावला आणि कशाने कळवळला, हे त्यांतून कळत नाही. आणि हे कळले नाही, तर ‘प्रभू’ या पदात वाचणारा आपल्याला ठाऊक असलेल्या कोणत्याही सत्ताधीशाचे रूप भरू शकतो. त्या काळी कैसरालाही प्रभू म्हटले जात होते. शुभवर्तमानांचे महत्त्व इथेच आहे: ती येशूला देवत्व बहाल करण्यासाठी लिहिलेली नाहीत; ज्याला आधीच प्रभू म्हटले जात आहे त्याचे प्रभुत्व कोणत्या प्रकारचे आहे, हे एका विशिष्ट जीवनाच्या तपशिलांतून निश्चित करण्यासाठी ती लिहिली आहेत.

मार्काचा ग्रंथ हे काम सर्वांत निष्ठुरपणे करतो. त्यात जन्मकथा नाही, वंशावळ नाही, बालपण नाही. येशू एकदम यार्देनकाठी प्रकट होतो आणि कथा घाईने यरुशलेमच्या दिशेने निघते. या येशूजवळ सामर्थ्य अफाट आहे. तो पक्षाघात झालेल्या माणसाला पापक्षमा देतो, तेव्हा शास्त्री मनात म्हणतात की हा अधिकार केवळ देवाचा आहे. तो खवळलेल्या समुद्राला धमकावतो, आणि इब्री स्तोत्रांत वादळ शांत करणारा स्वतः परमेश्वर आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला शिष्यांच्या भीतीचे कारण कळते. मार्काची ख्रिस्तकल्पना ‘खालची’, म्हणजे येशूला मुख्यतः माणूस मानणारी, आहे असे जे सहज म्हटले जाते, ते या प्रसंगांपुढे टिकत नाही. परंतु हाच येशू आपण कोण आहोत हे सांगू नका, अशी ताकीद बऱ्या झालेल्यांना आणि भुतांनाही देत राहतो. विल्हेल्म व्रेडे यांनी १९०१ साली या गोष्टीला ‘मशीही गुपित’ असे नाव दिले आणि तिला ग्रंथकाराची रचना मानले. मशीहा म्हणजे देवाने अभिषिक्त केलेला, इस्राएलाला सोडवणारा अपेक्षित राजा. ग्रंथाच्या मध्यावर पेत्र हा शिष्य येशूला हे नाव देतो आणि त्या क्षणापासून येशू तीन वेळा आपल्या दुःखभोगाची व मरणाची आगाऊ सूचना देतो, आणि तिन्ही वेळा शिष्यांना ती समजत नाही. शेवटी वधस्तंभावर तो बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे शब्द उच्चारून देवाने आपल्याला का सोडले असे मोठ्याने विचारतो आणि प्राण सोडतो. आणि नेमक्या त्या वेळी, कथेतल्या माणसांपैकी पहिल्यांदाच, एक परका रोमन शताधिपती त्याला देवाचा पुत्र म्हणतो. ग्रंथकाराला गुपित का हवे होते ते इथे कळते: चमत्कार पाहून दिलेले ‘देवाचा पुत्र’ हे नाव अपुरे आहे, त्यागलेल्या अवस्थेतल्या मरणाकडे पाहून दिलेलेच ते खरे आहे.

मत्तय आणि लूक यांनी मार्काचा मजकूर घेताना केलेले बारीक फेरफार त्यांची संवेदनशीलता दाखवतात. आपल्या गावी येशूला एकही महत्कृत्य करता आले नाही, फक्त थोड्या रोग्यांना त्याने बरे केले, असे मार्क सांगतो. मत्तय म्हणतो की त्याने तिथे फार महत्कृत्ये केली नाहीत. एका धनवान माणसाने उत्तम गुरू म्हणून हाक मारल्यावर मार्काचा येशू त्याला, मला उत्तम का म्हणतोस, असे विचारतो. मत्तयात तोच प्रश्न उत्तम गोष्टीविषयी होतो. या बदलांतून वाढती भीड दिसते, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच मत्तयाने शेवटच्या दिवसाची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, ती फक्त पित्याला ठाऊक आहे, हे येशूचे मार्कातले अज्ञान सांगणारे वाक्य, जुन्या हस्तलिखितांच्या साक्षीप्रमाणे, राखले आहे. म्हणजे ग्रंथकार आपल्या श्रद्धेला अडचणीची वाटणारी प्रत्येक गोष्ट पुसून टाकत होते, असे चित्र रंगवणे बरोबर नाही.

मत्तयाचा स्वतःचा भर ‘इम्मानुएल’ या नावात, म्हणजे देव आपल्याबरोबर असण्यात आहे. हे नाव पहिल्या अध्यायात बालकाला लावले जाते, आणि अगदी शेवटच्या वाक्यात पुनरुत्थित येशू युगाच्या अंतापर्यंत शिष्यांबरोबर राहण्याचे वचन देतो. या दोन टोकांच्या मध्ये येशू नव्या मोशेसारखा डोंगरावर बसून शिकवतो, पण मोशेप्रमाणे देवाचे म्हणणे पोहोचवण्याऐवजी स्वतःच्या अधिकाराने बोलतो. त्याच्या वंशावळीत तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको या चार स्त्रिया येतात. परक्या किंवा लोकापवाद सोसलेल्या स्त्रियांची नावे राजवंशात मुद्दाम लिहिणारा हा लेखक देवाच्या सान्निध्याचा अर्थ आधीच सांगू लागलेला असतो. लूक आपली वंशावळ अब्राहामावर न थांबवता आदामापर्यंत नेतो, आणि त्यामुळे येशू एका राष्ट्राचा न राहता सर्व मानवजातीचा होतो. त्याचा जन्म प्रथम मेंढपाळांना कळतो. नासरेथच्या सभास्थानात तो दीनांना सुवार्ता सांगण्याचे यशयाचे वचन स्वतःला लावतो. चांगला शोमरोनी आणि उधळ्या पुत्र हे दोन दृष्टान्त केवळ लूकाच्याच ग्रंथात आहेत. लूक कथा सांगताना येशूला सहजपणे ‘प्रभू’ म्हणतो आणि तरीही तो बाळ ज्ञानाने वाढत गेला, असेही लिहितो. ज्याला वाढावे लागते असा प्रभू, ही कल्पना त्याला विसंगत वाटत नाही.

योहान या सर्वांहून उंचावरून सुरुवात करतो. आरंभी ‘शब्द’ होता, तो देवाबरोबर होता आणि तो देव होता, या आशयाने उघडणाऱ्या प्रस्तावनेत बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या पहिल्या वाक्याचे पडसाद आहेत, इब्री ज्ञानसाहित्यात सृष्टीच्या वेळी देवाजवळ असलेल्या प्रज्ञेचे वर्णन आहे, आणि ग्रीक तत्त्वज्ञानात विश्वाला धरून ठेवणाऱ्या विवेकतत्त्वासाठी वापरलेली संज्ञा आहे. त्या तत्त्वाने देह धारण केला, हे विधान मात्र ग्रीक तत्त्वज्ञाला धक्का देणारे होते. योहानाच्या ग्रंथात येशूच्या अद्भुत कृत्यांना ‘चिन्हे’ म्हटले आहे. काना गावच्या लग्नापासून लाजराला कबरेतून बाहेर बोलावण्यापर्यंत ती येशूच्या ‘गौरवाकडे’ बोट दाखवतात. येथे मशीही गुपित नाही. येशू स्वतःला भाकर, प्रकाश, दार, उत्तम मेंढपाळ म्हणतो, आणि विरोधक त्याच्यावर माणूस असून स्वतःला देव करतो असा आरोप ठेवतात. तरीही हाच येशू शोमरोनातल्या विहिरीपाशी दमून बसतो, लाजराच्या कबरेपाशी रडतो आणि वधस्तंभावर तहानतो. पिता आपल्यापेक्षा थोर आहे, असेही तो म्हणतो. सर्वांत उंच बोलणाऱ्या ग्रंथानेच देहाचे क्षीणपण इतके जपावे, यात योहानाचे सामर्थ्य आहे.

चारही चित्रांतील अंतर मृत्यूच्या प्रसंगी सर्वांत स्पष्ट होते. गेथशेमाने बागेत मार्काचा येशू व्याकूळ होतो, भुईवर पडून हा प्याला टळावा अशी विनंती करतो. योहानात त्याला धरायला आलेले शिपाईच मागे सरून जमिनीवर पडतात आणि पित्याने दिलेला प्याला मी पिऊ नये काय, असे तो विचारतो. मार्क आणि मत्तय यांच्यात शेवटचा उद्गार त्यक्ततेचा आहे; लूकात तो आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवण्याचा आहे; योहानात काम पूर्ण झाल्याची घोषणा आहे. या चार उद्गारांची सरासरी काढून एकच शांत किंवा एकच दुःखी येशू तयार करण्याचा मोह प्रत्येक पिढीतल्या वाचकाला होतो. परंतु मार्काला जिथे देवाचे पूर्ण मौन दिसते, तिथेच योहानाला देवाचे पूर्ण गौरव दिसते. आणि दोघेही एकाच क्षणाविषयी बोलत आहेत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने हे दोन्ही एका श्वासात म्हटले आहे: त्याच्या पहिल्या अध्यायात पुत्र हा देवाच्या गौरवाचे तेज आणि विश्वाचा आधार आहे, तर पाचव्या अध्यायात तोच मोठ्याने आक्रोश करीत, अश्रू ढाळीत प्रार्थना करतो आणि सोसलेल्या दुःखांतून आज्ञापालन शिकतो.

या चित्राचे वेगळेपण नव्या कराराबाहेर राहिलेल्या ग्रंथांशी तुलना केल्यावर अधिक उठून दिसते. दुसऱ्या शतकापासून रचल्या गेलेल्या अशा ग्रंथांना ‘अप्रमाण’ किंवा ‘बाह्य’ शुभवर्तमाने म्हणतात. १८८६-८७च्या हिवाळ्यात इजिप्तमधील अखमीम येथे सापडलेल्या पेत्राच्या नावावरच्या शुभवर्तमानाच्या तुकड्यात येशू वधस्तंभावर जणू वेदनाच नसल्यासारखा गप्प राहतो, आणि पुनरुत्थानाच्या वेळी ज्यांची डोकी आकाशाला भिडली आहेत असे पुरुष कबरेतून बाहेर येतात, त्यांच्यामागे वधस्तंभही चालत येतो आणि बोलतो. प्रमाण शुभवर्तमानांपैकी एकातही पुनरुत्थानाच्या क्षणाचे वर्णन नाही. रिकामी कबर आणि नंतरच्या भेटी एवढेच ती सांगतात. थोमाच्या नावावरच्या बालचरित्रात लहानगा येशू मातीच्या चिमण्यांना प्राण देतो आणि रागावून एका मुलाला शापाने मारतो. १९४५ साली इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या थोमाच्या शुभवर्तमानात तर ११४ वचने आहेत, पण जन्म, वधस्तंभ आणि पुनरुत्थान यांपैकी काहीच नाही. ख्रिस्ताचा देह केवळ भासमान होता असे मानणाऱ्या मताला ‘आभासवाद’ म्हणतात. योहानाचे पहिले पत्र आणि अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस याची दुसऱ्या शतकाच्या आरंभीची पत्रे या मताला कळकळीने विरोध करतात. या सर्व ठिकाणी दोन प्रवृत्ती दिसतात: देवत्वाला साजेशी जादू जीवनात भरणे, किंवा जीवनच वगळून केवळ वचने ठेवणे. प्रमाण ग्रंथांनी दोन्ही टाळल्या, कारण त्यांच्या दृष्टीने देवत्व त्या जीवनाच्या बाहेरून आणून लावायची गोष्ट नव्हती.

चार चरित्रे चारच ठेवण्याचा निर्णयही सहज झालेला नाही. सिनोपेच्या मार्कियोनाने, ज्याला रोमच्या मंडळीने इ.स. १४४च्या सुमारास वेगळे केले, लूकाच्या शुभवर्तमानाची काटछाट केलेली एकच प्रत ग्राह्य मानली. त्यानंतर इ.स. १७०च्या सुमारास तातियान याने चारही शुभवर्तमाने गुंफून एकसलग कथा तयार केली. ‘दियातेस्सरोन’ या नावाने ती सिरियाक भाषिक मंडळ्यांत दीर्घकाळ वाचली गेली, इतकी की पाचव्या शतकात किर्ह्‌सचा बिशप थिओडोरेट याला तिच्या दोनशेहून अधिक प्रती बाजूला काढून त्यांच्या जागी चार वेगळी शुभवर्तमाने ठेवावी लागली. लियोंचा बिशप आयरेनियस याने इ.स. १८०च्या सुमारास शुभवर्तमाने चारच असली पाहिजेत, कमी नाहीत आणि जास्त नाहीत, असा आग्रह धरला, आणि अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या इ.स. ३६७च्या पत्रात आजच्या सत्तावीस ग्रंथांची यादी प्रथम पूर्णपणे आढळते. विसंगती काढून टाकणारी एकच कथा स्वीकारणे प्रचाराच्या दृष्टीने सोपे ठरले असते. ते नाकारून प्राचीन मंडळीने हे मान्य केले, की या जीवनाचा अर्थ एका दृष्टिकोनात मावत नाही.

पुढे निकेया (३२५) आणि खाल्सेदोन (४५१) येथील धर्मपरिषदांनी जी सूत्रे केली, ती याच पार्श्वभूमीवर वाचली पाहिजेत. आरियस या अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूने ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातील प्रज्ञेच्या निर्मितीचे वचन आणि पिता थोर असल्याचे योहानातले वाक्य पुढे करून पुत्र हा सर्वश्रेष्ठ असला तरी निर्माण केलेला आहे, असे म्हटले. निकेयाने पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असे उत्तर दिले, आणि हा शब्द बायबलात नाही ही अडचण तेव्हाही पुष्कळांना जाणवली होती. खाल्सेदोनने एकाच व्यक्तीत देवस्वभाव आणि मनुष्यस्वभाव मिसळून न जाता, न बदलता, न विभागता आणि न दुरावता एकत्र आहेत, असे सांगितले. या चारही क्रियाविशेषणांचे रूप नकारात्मक आहे. ती रहस्य उलगडत नाहीत. मार्काचा आक्रोश पुसायचा नाही आणि योहानाचे गौरवही कमी करायचे नाही, एवढीच मर्यादा आखून देतात. त्या अर्थी परिषदांची भाषा ग्रीक तत्त्वज्ञानाची असली, तरी तिचा हेतू चार शुभवर्तमाने एकत्र वाचता यावीत हा होता.

मराठी भाषेचाही या परंपरेशी जुना संबंध आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने रचलेले आणि १६१६ साली राचोल येथे प्रथम छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतची कथा सांगते. श्रोत्यांसाठी सलग कथा रचताना स्टीफन्सला चार शुभवर्तमाने एका धाग्यात ओवावी लागली, आणि त्या दृष्टीने त्याचे काम तातियानाच्या वाटेवरचे आहे. मात्र त्याचे पुराण प्रमाण ग्रंथांची जागा घेण्यासाठी नव्हते, त्यांच्याकडे नेण्यासाठी होते. पुराणाच्या घाटात ही कथा ऐकणाऱ्या मराठी मनाला अवतारकल्पना आठवणे स्वाभाविक आहे, आणि देव दुःखितांसाठी खाली येतो हे दोन्हींतले साम्य खरे आहे. भेद असा, की नव्या करारानुसार देहधारण एकदाच, पिलात नावाच्या ज्ञात रोमन अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत घडते, आणि कार्य संपल्यावर तो देह टाकून दिला जात नाही: योहानाच्या शेवटी थोमा या शिष्याला भेटणारा पुनरुत्थित येशू आपल्या हातांवरचे आणि कुशीतले व्रण दाखवतो, आणि ते व्रण पाहूनच थोमा त्याला आपला प्रभू आणि आपला देव म्हणतो.

त्या व्रणांत सर्व ग्रंथांचे समान सूत्र सापडते. फिलिप्पैच्या स्तोत्रात उंचावणे आज्ञापालनातल्या मरणामुळे होते. मार्कात ‘देवाचा पुत्र’ हे नाव वधस्तंभापाशी उच्चारले जाते. लूकाचा प्रभू दीनांच्या पंक्तीत बसतो. योहानाचा शब्द देहात थकतो. प्रकटीकरण या अखेरच्या ग्रंथातही स्वर्गातल्या सिंहासनाशेजारी उभा असतो तो वधलेला कोकरा. या लेखकांनी देव म्हणजे काय हे आधी ठरवून त्या मापात येशूला बसवले असते, तर त्यांना त्याचे अज्ञान, त्याची भीती आणि त्याचा आक्रोश लपवावा लागला असता, जशा अखमीमच्या तुकड्यात त्याच्या वेदना लपवल्या आहेत. त्यांनी उलटी वाट धरली: ज्या जीवनाला त्यांनी प्रभू म्हणून ओळखले होते, त्या जीवनापासून त्यांनी देव कसा आहे हे नव्याने शिकायला घेतले. म्हणून येशू माणूस की देव, असा पर्याय समोर ठेवून या ग्रंथांना जाब विचारणारा वाचक त्यांच्या मुख्य विधानापर्यंत पोहोचत नाही. सामर्थ्य, सर्वज्ञता आणि अविकारीपणा यांनाच देवत्वाच्या कसोट्या मानायचे, की स्वतःला रिक्त करणाऱ्या प्रेमालाही ती जागा द्यायची, हा या ग्रंथांनी उभा केलेला खरा प्रश्न आहे. आणि त्याचे त्यांनी दिलेले उत्तर स्वीकारणाऱ्याला आणि नाकारणाऱ्यालाही आपली देवाविषयीची कल्पना तपासून पाहावी लागते.